तेरा आठवड्यांची मुदत

१९७७ साल सरत आले तेव्हा अमेरिकेतील ए.बी.सी. या दूरचित्रवाणी कंपनीच्या दफ्तरी ‘जनरल हॉस्पिटल’ या दुपारच्या मालिकेच्या नावापुढे बरखास्तीचा शेरा मारण्याचेच काय ते बाकी राहिले होते. फ्रँक आणि डोरिस हर्सली या लेखक-दांपत्याने रचलेली आणि १ एप्रिल १९६३ रोजी सुरू झालेली ही मालिका एका रुग्णालयातील डॉक्टर आणि परिचारिका यांच्या सुखदुःखांभोवती चौदा वर्षे संथपणे फिरत राहिली होती. तिच्यातील पात्रे आजारी पडत, बरी होत, पुन्हा आजारी पडत, आणि मधल्या काळात कॉफी पीत एकमेकांविषयी बोलत. प्रेक्षक ओसरत चालला होता, आणि नेमक्या अशाच वेळी कंपनीने, मूळची अर्ध्या तासाची आणि १९७६ मध्ये पाऊण तासाची झालेली ही मालिका नव्या वर्षापासून पूर्ण तासाची करण्याचे ठरवले होते, म्हणजे ज्या घरी पाहुणे येईनासे झाले आहेत त्या घराची ओसरी वाढवण्यातलाच हा प्रकार होता. या अवघड मामल्याचा कारभार ज्यांच्या हाती सोपवण्यात आला त्या ग्लोरिया माँटी यांचे नाव तोपर्यंत धंद्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्यांना मिळालेली मुदत तेरा आठवड्यांची होती, अशी हकिकत सांगतात. तेवढ्यात आकडे सुधारले तर ठीक, नाही तर मालिका बंद.

तेरा आठवडे हा आकडा कोणाच्या लहरीतून आलेला नाही. वर्षाचे बावन्न आठवडे चार हिश्शांत वाटले की एकेका हिश्शाला तेरा येतात, आणि रेडिओच्या जमान्यापासून अमेरिकेत जाहिरातीची वेळ याच हिश्शांनी विकली जात आल्यामुळे त्या वेळेत दिसणाऱ्या माणसांचे करारही त्याच मापाने बेतले गेले. नट काही वर्षांसाठी बांधला जाई, तो मध्येच सोडून जाऊ शकत नसे. कंपनीने मात्र ठराविक आठवड्यांच्या अंतराने त्याला निरोप देण्याचा अधिकार आपल्यापाशी राखून ठेवलेला असे. तेव्हा कथेतील एखादा सज्जन गृहस्थ ऐन तारुण्यात मोटार-अपघातात दगावतो आणि हजारो गृहिणींच्या डोळ्यांना पाणी येते, त्यात नियतीचा हात किती आणि करारावरील तारखेचा हात किती, हे ज्या एका व्यक्तीला नक्की ठाऊक असते ती व्यक्ती म्हणजे त्या मालिकेचा निर्माता.

आपल्याकडे निर्माता म्हटला की पदरचे किंवा सावकाराचे पैसे घालणारा, मुहूर्ताचा नारळ फोडणारा आणि नफातोट्याचा धनी असा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतील दुपारच्या मालिकेचा कार्यकारी निर्माता हा तसा धनी नसून बहुधा पगारी कारभारी असतो. पैसा वाहिनीचा असतो, किंवा प्रॉक्टर अँड गँबलसारख्या साबण विकणाऱ्या कंपनीचा असतो; या कारभाऱ्याने करायचे ते एवढेच की वर्षाचे सुमारे अडीचशे दिवस, सुटी नाही, हंगाम नाही, विश्रांती नाही, अशा स्थितीत रोज एक नवे नाटक बसवून, चित्रित करून, ठरल्या मिनिटाला वाहिनीच्या हवाली करायचे. लेखक त्याच्या हाताखाली, दिग्दर्शक त्याच्या हाताखाली, नटांच्या नेमणुका आणि बडतर्फी त्याच्या हाती; आणि इतके असूनही पडद्यावर त्याचे म्हणून काही दिसत नाही. रंगभूमीवर किंवा चित्रपटात दिग्दर्शकाचा शब्द अखेरचा मानण्याची वहिवाट आहे. इथे दिग्दर्शक दिवसागणिक बदलतात आणि निर्माता तेवढा राहतो.

या धंद्याचा पाया रेडिओने घातला आणि त्याची घडी बसवली ती अर्ना फिलिप्स या शिकागोच्या बाईंनी. १९०१ साली जन्मलेल्या, काही काळ शिक्षिकेची नोकरी केलेल्या या बाईंनी १९३० साली डब्ल्यू.जी.एन. या रेडिओ केंद्रासाठी ‘पेंटेड ड्रीम्स’ नावाची रोज पंधरा मिनिटांची कौटुंबिक कथा लिहायला घेतली. दिवसा घरी असणारी स्त्री हीच साबण, सोडा आणि पीठ विकत घेणारी असल्यामुळे त्या कथेमागे साबणवाल्यांनी पैसा उभा करावा हे ओघानेच आले. मालिकेची मालकी कोणाची यावरून बाईंचा केंद्राशी तंटा झाला, तो कोर्टात गेला आणि त्या हरल्या. परंतु या तंट्यातून त्या जे शिकल्या ते पुढच्या सगळ्या मालिकाकारांच्या उपयोगी पडले, कारण त्यानंतर आपल्या कथांची मालकी आपल्यापाशी ठेवण्याबाबत त्या दक्ष राहिल्या. त्या स्वतः हाताने लिहीत नसत. खोलीत येरझारा घालीत, प्रत्येक पात्राचा आवाज काढीत त्या संवाद बोलत आणि लेखनिक ते उतरून घेई. त्यांची ‘गायडिंग लाइट’ १९३७ च्या जानेवारीत रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ च्या सप्टेंबरपर्यंत चालली. बहात्तर वर्षे चाललेली कथा आपल्या पुराणिकांनाही हेवा वाटावा अशीच म्हणावी लागेल.

फिलिप्सबाईंच्या तालमीत अ‍ॅग्नेस निक्सन तयार झाल्या, ‘द यंग अँड द रेस्टलेस’चे कर्ते विल्यम बेल तयार झाले. निक्सनबाईंनी १९६२ साली ‘गायडिंग लाइट’मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाची कथा घातली आणि वेळेवर तपासणी करून घेतल्याने तो कसा आधीच ध्यानात येतो हे बायकांना दाखवून दिले, मात्र वाहिनी आणि पुरस्कर्ते यांनी घातलेली अट अशी की ‘कर्करोग’, ‘गर्भाशय’ हे शब्द कोणाच्याही तोंडी येता कामा नयेत. ती अट पाळून त्यांनी ते कथानक पार पाडले. दुपारच्या मालिकांना नाक मुरडणाऱ्या विद्वानांनी हा एक दाखला तरी लक्षात ठेवावा असे मला नेहमी वाटते, कारण या माध्यमाच्या हाती केवढे बळ आहे आणि ते वापरताना हात किती बांधलेले असतात, या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र दिसतात.

ग्लोरिया माँटी या परंपरेतल्या, परंतु लेखणीच्या बाजूने न आलेल्या. १२ ऑगस्ट १९२१ रोजी जन्मलेल्या या बाईंचे मूळ शिक्षण रंगभूमीचे. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी नाटके बसवली, नट घडवले, आणि मग सी.बी.एस. वाहिनीच्या ‘द सीक्रेट स्टॉर्म’ या मालिकेचे दिग्दर्शन त्यांनी वर्षानुवर्षे केले. १९५४ साली सुरू झालेली ही मालिका प्रारंभी पंधरा मिनिटांची आणि जिवंत प्रक्षेपणाची, म्हणजे नट वाक्य विसरला तर तो साऱ्या देशाच्या देखत विसरे, आणि दार अडकले तर ते अडकलेलेच दिसे. पार्श्वसंगीत म्हणून स्टुडिओच्या कोपऱ्यात ऑर्गन वाजवणारा एक माणूस बसलेला असे. कॅमेऱ्यामागे हुकूम सोडणाऱ्या स्त्रिया त्या काळी फार थोड्या होत्या. याच मालिकेत १९६८ साली असा प्रसंग आला की क्रिस्टिना क्रॉफर्ड ही तरुण नटी शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात गेली आणि तिच्या जागी काही भागांपुरती तिची आईच उभी राहिली. आई म्हणजे साठी ओलांडलेली हॉलिवूडची विख्यात तारका जोन क्रॉफर्ड, आणि भूमिका विशीतल्या स्त्रीची. प्रेक्षकांनी ते गोड मानून घेतले. रोजच्या रोज भेटणाऱ्या पात्रांना प्रेक्षक किती माफ करतो याचा जो अंदाज पुढे माँटीबाईंना पक्का होता, तो अशा शाळेत शिकून आलेला होता.

आता ‘जनरल हॉस्पिटल’सारख्या तासाच्या मालिकेचा रोजचा रगाडा कसा चाले ते थोडे जवळून पाहिले पाहिजे, त्याखेरीज बाईंनी नेमके काय केले याचा उलगडा होणार नाही. प्रमुख लेखक पुढील कित्येक महिन्यांचे कथानक एका लांबलचक टिपणात मांडतो; ते वाहिनीच्या अधिकाऱ्यांकडून मंजूर झाले की त्याचे आठवड्यांत आणि मग दिवसांत तुकडे पाडले जातात; एकेका दिवसाचा आराखडा एकेका संवादलेखकाकडे जातो; त्याने लिहिलेली संहिता तपासनिसाच्या हातून फिरून, सगळ्या पात्रांची बोली आणि मागच्यापुढच्या तपशिलांचा मेळ घालून निर्मात्याच्या टेबलावर येते. तिथे साहित्य संपते आणि हिशेब सुरू होतो. स्टुडिओच्या जमिनीवर एका दिवशी मोजकेच सेट उभे राहू शकतात, तेव्हा रुग्णालयाचा स्वागत-कक्ष, एक दिवाणखाना आणि एक बार एवढ्यात आजची कथा बसवायची. बंदर दाखवायचे असेल तर दिवाणखाना मोडावा लागेल, आणि दिवाणखाना मोडला तर त्यातील म्हाताऱ्या बाईंना आज काम नाही. परंतु त्या बाईंच्या करारात आठवड्याला अमुक इतक्या भागांचा मेहनताना बांधून दिलेला आहे, काम दिले नाही तरी तो द्यावा लागणार. म्हणून त्यांना दिवाणखान्यातून उठवून रुग्णालयात कोणाची तरी विचारपूस करायला पाठवायचे. मालिकेत आजाऱ्याच्या भेटीला माणसे इतक्या अगत्याने का येत-जात असतात याचे एक कारण हे आहे.

चित्रीकरणाचा दिवस पहाटेच्या सुमारास सुरू होई. नुसत्या खोलीत संवादांची एक तालीम, मग सेटवर तीन कॅमेऱ्यांच्या जागा ठरवण्याची दुसरी, मग वेशभूषेसह तिसरी. या तिसऱ्या तालमीच्या वेळी निर्माता नियंत्रण कक्षात पडद्यांच्या रांगेपुढे बसतो, आणि त्याच्या सूचना उतरून घेतल्या जातात: हिचा चहाचा पेला मघाशी डाव्या हातात होता, याने रागावण्याआधी थांबू नये, हा प्रवेश वीस सेकंदांनी लांबला आहे, तो संवाद काढा. नट तासाभरात ती दुरुस्ती पाठ करतात आणि मग टेप फिरू लागते. नटी गरोदर राहिली आणि कथेत ती कुमारिका असेल, तर तिच्यापुढे टेबल, पिशवी किंवा फुलांचा गुच्छ येतो. नट आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा येतो आणि एक आवाज तसे जाहीर करतो. उद्या पुन्हा हेच. अशा चरकातून चांगले नाटक कधी कधी निघते हीच आश्चर्याची गोष्ट. बहुतेक वेळा जे निघते ते कामचलाऊ असते, आणि ते तसे असणार हे गृहीत धरूनच सगळे चाललेले असते.

माँटीबाईंनी हे गृहीतच मोडले. १९७८ च्या जानेवारीत सूत्रे हाती घेतल्यावर, आधी चित्रित होऊन तयार असलेले काही भाग त्यांनी रद्द करून पुन्हा करवून घेतले. सेट नव्याने रंगवले, नटींचे केस आणि कपडे बदलले, प्रकाशयोजना चित्रपटासारखी करायला लावली. त्यांची खरी कामगिरी मात्र वेळेच्या बाबतीत होती. तोपर्यंतच्या दुपारच्या मालिकांची चाल अशी की गृहिणी मध्येच उठून दुधाखालचा गॅस बंद करून आली तरी तिचे काही चुकू नये; एकच बातमी सोमवारी एका पात्राला कळे, बुधवारी दुसऱ्याला आणि शुक्रवारी तिसऱ्याला. बाईंनी प्रवेश तोडून लहान केले, एका भागातील प्रवेशांची संख्या वाढवली, पात्र दार उघडून आत येणे, बसणे, पाणी पिणे हे सारे छाटून बोलण्याच्या मधोमध कॅमेरा नेला, आणि टेपचे संकलन पुष्कळ बारकाईने करायला लावले. मान खाली घालून भाजी निवडत ऐकण्याजोगी मालिका त्यांनी मान वर करून पाहावी लागेल अशी केली. ऑर्गनची जागा लोकप्रिय संगीताने घेतली. डग्लस मार्लंड हे प्रमुख लेखक कसबी होते. त्यांनी तरुण पात्रांचे त्रिकोण रचले, आणि त्या काळी पूर्व अमेरिकेत ही मालिका दुपारी तीनच्या ठोक्याला लागत असल्यामुळे शाळा-महाविद्यालयांतून परतलेली मुले तिच्यापुढे येऊन बसू लागली. साबणवाल्यांच्या दृष्टीने हा प्रेक्षक जुन्या गृहिणींपेक्षाही मोलाचा होता. १९८० च्या सुमारास दुपारच्या सगळ्या मालिकांत ‘जनरल हॉस्पिटल’ पहिल्या क्रमांकावर आली आणि त्या दशकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत तिने ते स्थान सोडले नाही.

तेरा आठवड्यांच्याच मुदतीवर १९७८ साली आणखी एक माणूस या मालिकेत दाखल झाला होता. अँथनी गिअरी हा नट दिसायला नायकाच्या साच्यात न बसणारा, कुरळ्या केसांचा, चिडक्या विनोदाचा. त्याला दिलेला ल्यूक स्पेन्सर हा गुंडांच्या संगतीतला इसम, काही आठवडे उपद्रव देऊन मरायचा होता. तो मेला नाही. गिअरीच्या अंगी असे काही होते की माँटीबाईंनी त्याची मुदत वाढवली, आणि त्याच्यापुढे लॉरा हे पात्र आणून उभे केले. लॉरा विवाहित होती, आणि ते काम करणारी जेनी फ्रान्सिस ही मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये दाखवलेल्या प्रसंगात, रात्री रिकाम्या झालेल्या डिस्कोत, हर्ब अल्पर्टची एक धून वाजत असताना, ल्यूक लॉरावर बलात्कार करतो. लेखकांनी तो बलात्कार म्हणूनच लिहिला होता आणि लॉराही त्याला तेच नाव देते. परंतु प्रेक्षकांची पत्रे आणि आकडे दोन्ही असे सांगू लागले की लोकांना हे दोघे एकत्र हवे आहेत. मग हळूहळू कथेतून तो उल्लेख मिटत गेला, जे घडले ते दोघांच्या अनावर ओढीचे फळ होते असा रंग त्याला चढवण्यात आला, आणि १९८० च्या उन्हाळ्यात ही जोडी गुंडांपासून पळत खेड्यापाड्यांतून हिंडू लागली. एका बंद झालेल्या मोठ्या दुकानात दोघे रात्र काढतात, तिथल्या विक्रीच्या कपड्यांत नटून मोकळ्या दालनात नाचतात, हा प्रसंग पाहणाऱ्यांना अजून आठवतो. आणि तो सुरेख होता हे कबूल करण्यावाचून गत्यंतर नाही.

इथे या कारकिर्दीविषयी माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगतो. माँटीबाईंचे कर्तृत्व निर्विवाद आहे. मरणपंथाला लागलेली संस्था वर्षा-दोन वर्षांत उभी करणारा कारभारी कोणत्याही दरबारात मानाचाच ठरेल. परंतु प्रेक्षकांना आवडते म्हणून अत्याचाराचे रूपांतर प्रणयात करणे हा निव्वळ लेखकांचा दोष नव्हता, तो निर्मात्याच्या अधिकारातला निर्णय होता, आणि तो निर्णय रोजच्या रोज, प्रत्येक संहितेवर मंजुरीची सही करताना, नव्याने घेतला जात होता. ‘लोकांनाच ते हवे होते’ हा बचाव या धंद्यात फार जुना आहे. लोकांना काय हवे आहे हे त्यांना काय दाखवले जाते यावरही अवलंबून असते, आणि एखाद्या प्रवेशाचा वेग, प्रकाश आणि संगीत यांनी प्रेक्षकाचे मन कुठे वळते हे माँटीबाईंइतके अमेरिकेत त्या वेळी कोणाला कळत नसेल.

पुढचा भाग विजययात्रेचा आहे. १९८१ च्या उन्हाळ्यात रुग्णालय, आजार आणि कौटुंबिक कलह मागे टाकून मालिकेने हेरकथेत उडी घेतली: कॅसॅडाइन नावाचे एक ग्रीक घराणे ‘आइस प्रिन्सेस’ नावाच्या रत्नाच्या साहाय्याने हवामान बदलणारे यंत्र चालवून साऱ्या जगाला गोठवू पाहते, आणि त्यांच्या बेटावर चोरून गेलेला ल्यूक गुप्त शब्द ओळखून ते यंत्र बंद पाडतो. हे लिहितानाही हसू येते. परंतु महाविद्यालयांच्या सामाईक दालनांत त्या उन्हाळ्यानंतर दुपारी तीन वाजता खुर्ची मिळेनाशी झाली होती. ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाने ल्यूक आणि लॉरा यांना मुखपृष्ठावर छापले. या मालिकेची चाहती असलेली एलिझाबेथ टेलर स्वतः कॅसॅडाइन घराण्याची विधवा होऊन नवदांपत्याला शाप देण्यासाठी पडद्यावर आली. १६ आणि १७ नोव्हेंबर १९८१ असे दोन दिवस चाललेला ल्यूक-लॉराचा विवाह सुमारे ३ कोटी लोकांनी पाहिला. दुपारच्या मालिकेला अमेरिकेत एवढा प्रेक्षक त्यापूर्वी मिळाला नव्हता आणि त्यानंतरही मिळाला नाही. डेमी मूर, गायक रिक स्प्रिंगफील्ड अशी माणसे याच काळात या मालिकेत काम करून गेली, आणि १९८१ व १९८४ या साली उत्कृष्ट मालिकेचे डेटाइम एमी पारितोषिक तिला मिळाले.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध येतो तो आडवळणाने. भारतात दीर्घकथेची मालिका आली ती अमेरिकेच्या साबणवाल्यांकडून नव्हे, तर मेक्सिकोकडून. वसंतराव साठे हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री असताना मेक्सिकोला गेले, तिथे कुटुंबनियोजनासारखे विषय मालिकांतून लोकांच्या गळी कसे उतरवले जातात हे त्यांनी पाहिले, आणि त्या विचारातून ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. दुपारची रोजची मालिका मात्र आपल्याकडे दहा वर्षांनी, १९९४ मध्ये ‘शांती’च्या रूपाने आली. त्याच दशकाच्या आरंभी केबलच्या तारेवरून ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ आणि ‘सांता बार्बरा’ स्टार प्लसवर दिसू लागल्या होत्या, आणि मुंबई-पुण्याच्या पुष्कळ घरांत मुलांना खोलीबाहेर घालवून त्या पाहिल्या गेल्या हे त्या पिढीला सांगायला नको. आज आपल्या मराठी मालिकांत भागाच्या अखेरीस चेहरा गोठतो, आणि आकडे उतरताच कथेची वर्षे एकदम पुढे उडवली जातात. हाही घड्याळ आणि हिशेब यांच्याच कचाट्यात चालणारा कारभार आहे. दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीची वाट आपल्या निर्मात्यांनीही तितक्याच धडधडत्या छातीने पाहिलेली आहे.

माँटीबाई १९८७ च्या प्रारंभी ‘जनरल हॉस्पिटल’मधून बाहेर पडल्या. रात्रीच्या वेळेवर आपली छाप पाडण्याचा त्यांचा प्रयत्न त्याआधीच, १९८३ साली, ‘द हॅम्पटन्स’ या मालिकेने करून झाला होता आणि ती मालिका मोजक्याच भागांत आटोपली होती. १९९१ च्या सुमारास वाहिनीने त्यांना पुन्हा बोलावले, कारण आकडे पुन्हा घसरले होते आणि जुना वैद्यच गुण देईल अशी आशा होती. बाईंनी एकर्ट नावाचे एक नवे कामगार कुटुंब मालिकेत आणले आणि गिअरीला परत आणले, पण ल्यूक म्हणून नव्हे, त्याच्यासारखा दिसणारा बिल एकर्ट म्हणून. प्रेक्षकांनी या पाहुण्यांना घरात घेतले नाही. १९९२ साली बाईंची जागा वेंडी रिश यांच्याकडे गेली. माझ्या समजुतीप्रमाणे यात बाईंच्या बुद्धीचा ऱ्हास झाला असे नव्हे. १९७८ साली संथ चालीच्या विरुद्ध त्यांनी जे बंड केले ते दहा वर्षांत सगळ्याच मालिकांनी उचलले होते, आणि सगळेच धावू लागल्यावर नुसत्या वेगाचे अप्रूप कोणाला राहते? शिवाय दुपारी घरी असणारी स्त्रीच आता घरी नव्हती, ती कामावर होती. पुढे एकेक जुनी मालिका बंद पडत गेली. फिलिप्सबाईंची ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ २०१० मध्ये संपली, निक्सनबाईंची ‘ऑल माय चिल्ड्रन’ २०११ मध्ये. ‘जनरल हॉस्पिटल’ टिकली. माँटीबाई ३० मार्च २००६ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी वारल्या.

रिशबाईंनी १९९३ मध्ये ल्यूक आणि लॉरा या जोडीला तिच्या मूळ नावांनी परत आणले, आणि तेव्हा त्यांच्याबरोबर लकी नावाचा मुलगा होता. १९९८ साली या मालिकेत एक उपकथानक आले: एलिझाबेथ नावाच्या मुलीवर बलात्कार होतो, लकी तिला सावरायला धावून जातो, तिच्या बाजूने उभा राहतो, आणि त्याच वर्षात त्याला कळते की आपल्या बापानेही आपल्या आईच्या बाबतीत हेच केले होते. एकोणीस वर्षांपूर्वी मालिकेने मिटवून टाकलेली गोष्ट त्याच नटांच्या तोंडून, त्यांच्या मुलासमोर, पुन्हा उच्चारली गेली. लॉराला तिच्याविषयी बोलावे लागले, ल्यूकला ऐकावे लागले, आणि मुलगा घर सोडून गेला. चित्रपट संपतो, नाटकावर पडदा पडतो. चाळीस-पन्नास वर्षे रोज चालणाऱ्या कथेतच एका निर्मात्याचे देणे दुसऱ्याला असे चुकते करता येते. ते प्रवेश गिअरी आणि फ्रान्सिस यांनी फार चांगले केले होते. त्यांना १९८१ च्या विवाहाच्या पासंगाला पुरेल इतकाही प्रेक्षक मिळाला नाही, आणि त्या विवाहाचा विक्रम आजही अबाधित आहे.